मासिकातले पेन्सिलीचे बाण

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. गेल्या वर्षी, एका रविवारी, भर दुपारी. ज्याच्या घरी घडलं तो आमच्या शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. थापा मारणाऱ्यातला नव्हे.

व्हिडिओ गेमचं एक मासिक तो बावीस वर्षं घेत होता.

सुरुवातीला धाकट्या बहिणीसोबत वाचायचा. अंकात गेमचे नकाशे यायचे. त्या भुलभुलैयातून वाट काढायची ती धाकटीनंच, पेन्सिलीनं बाण काढत. "दादा, तुझं डोकं नुसतं टोपी घालायला," असं म्हणायची. कधी चुकली नाही.

पंधराव्या वर्षी ती तापानं गेली. तीन दिवसांत.

त्यानं पुन्हा गेमला हात लावला नाही. मासिक मात्र सोडवेना. अंक आला की एकदा वाचायचा आणि आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवायचा. पुन्हा उघडायचा नाही.

मग मासिक बंद पडत असल्याचं पत्र आलं. सोबत शेवटचा अंक.

सगळे अंक बांधून घ्यावेत म्हणून त्या रविवारी त्यानं गठ्ठे खाली काढले. बायको माहेरी गेलेली. घरात चिटपाखरू नाही.

एक अंक सहज उघडला...

नकाशावर पेन्सिलीचे बाण होते.

त्याला गलबलून आलं. मग नजर वरच्या तारखेवर गेली.

तो अंक धाकटी गेल्यावर सात वर्षांनी निघालेला होता.

त्यानं बायकोला फोन लावला. "तू माझ्या मासिकांत काही लिहिलंस का?"

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. का हो?"

"काही नाही."

दुसरा अंक. तिसरा. प्रत्येकात बाण. शेपटाला तोच छोटा वळसा... तिचाच.

पण हे बाण चुकत होते. भिंतीला धडकत, मागे फिरत, पुन्हा तिथेच येत. एका कोपऱ्यात बारीक अक्षरं होती...

"दादा, बाहेर कुठून पडायचं?"



शेवटचा अंक अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होता. त्यानं वेष्टन कापलं...

आत लिहिलेलं होतं. "आता पुढचा नकाशा कधी?"

तेव्हापासून दर महिन्याला तो स्वतःच नकाशा काढून फळीवर ठेवू लागला. सोपा. बाहेर पडायचं दार चांगलं मोठं.

दुपारी जेवायला घरी आला की बंद खोलीतून आवाज यायचा... कागदावर पेन्सिल घासल्याचा. दार उघडलं की थांबायचा. बाण दर खेपेला नकाशातल्या दाराच्या जरा जवळ.

मागच्या महिन्यात ते दाराबाहेर पडले.

कागद संपला तरी थांबले नाहीत. फळीवरून भिंतीवर, भिंतीवरून फरशीवर... थेट खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

मग आवाज बंद झाला.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं डोळे पुसले. म्हणाली, "सुटली बिचारी. आता तुम्हीही मनाला लावून घेऊ नका."

त्यानं मान डोलावली. परवा दुकानात मात्र आम्हाला हळू आवाजात म्हणाला, "खोलीतून सुटली, ते खरं. पण उंबऱ्यापुढं मी सगळं घर धुंडाळलं. घराबाहेर गेल्याचा एकही बाण नाही."

दुपारचं जेवण तो हल्ली दुकानातच मागवून घेतो.