वेदनेचा भागाकार

"आता पंखा लावते. हात सैल सोडा, सर," डॉ. सुनंदा मामीडवार म्हणाल्या आणि त्यांनी बटन दाबलं.

भास्कर पिंपळशेंडे चंद्रपूरच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवत. प्रयोगशाळेत आल्या आल्या त्यांच्या मनगटावर एक करडी पट्टी बांधण्यात आली होती. पंखा फिरू लागला, तसा त्यांच्या दंडातून खांद्यापर्यंत ठणका चढत गेला. बराच वेळ विहिरीचं पाणी ओढल्यासारखा.

"हे काय?"

"हाच पंखा तुम्ही हाताने दांडा फिरवून चालवला असता, तर हात असा भरून आला असता. खोलीतल्या तारांतून किती वीज वाहते ते पट्टी ओळखते आणि मनगटातल्या मज्जातंतूला तेवढा शीण कळवते. श्रमपट्टी म्हणतो आम्ही हिला." डॉक्टरांनी पंखा बंद केला. ठणका ओसरला. "मुलांना वीज वाचवायला तुम्ही कधीपासून सांगताय?"

"नोकरीला लागल्यापासून. निबंध झकास लिहितात. सुट्टीची घंटा झाली की दिवे-पंखे तसेच टाकून पळतात."

"कारण वीज दुखत नाही."

पिंपळशेंडे सरांनी मनगट चोळलं. "पण मॅडम, गरजेला लावलेला पंखा आणि उगीच चालू राहिलेला पंखा, यातला फरक हिला कसा कळणार?"

"नाही कळत. गरज मोजायचं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. माणसं मात्र मोजता येतात. खोलीत किती जण आहेत हे पट्टी अंगाच्या उष्णतेवरून ओळखते आणि शीण तितक्या जणांत वाटते. वर्गभर मुलांसाठी पंखा असेल तर कुणाला काही जाणवणार नाही. एकट्यासाठी असेल तर सगळा भार त्याचाच."

हिशेब सरांना पटला. एकच गोष्ट खटकली. पट्टीची कडी फक्त शाळेतल्या किल्लीने उघडणार होती. मुलं कंटाळून पट्टी काढतील, अशी डॉक्टरांना भीती होती. पालकांनी संमती दिली होती, प्रयोग एका महिन्याचा होता. सरांनी किल्ली ठेवून घेतली आणि सातवीच्या सगळ्या मुलांना पट्ट्या बांधल्या.

पहिल्याच आठवड्यात शाळेचा वीजवापर निम्म्यावर आला. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की मुलं धावत जाऊन तो बंद करत. डॉक्टर खूश होत्या.

सरांची बेचैनी मात्र वाढत होती. मुलांचं काहीतरी बदललं होतं. एकट्याने कुणी स्वच्छतागृहातसुद्धा जाईना. दिवा लावावा लागे. घरी मुलं स्वतःच्या खोलीत झोपेनात, आई-बाबांना ओढून बैठकीत आणत. एका मुलीने एकटीच्या चटणीसाठी मिक्सर लावू दिला नाही, कच्चा टोमॅटो खाऊन शाळेत आली. वर्गात सगळी एकमेकांना खेटून बसत आणि दाराकडे बघत राहत, कुणी बाहेर तर जात नाही ना म्हणून. कुणी उठलं की बाकीच्यांचे खांदे आक्रसत.

"हात दुखतो का रे?" सरांनी विचारलं.

"दुखत नाही, सर. पण दुखेल," एक मुलगा म्हणाला.

सरांनी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "सवय लागतेय. तेच तर हवंय."

त्यानंतरच्या मंगळवारी मधली सुट्टी संपली आणि वर्ग रिकामा राहिला. सातवीचं एकही मूल परतलं नाही. शिपायाने सांगितलं, सगळी मुलं समिधा ठेंगणेच्या मागे फाटकाबाहेर गेली.

समिधाचं नाव ऐकताच सरांना तिचं घर आठवलं. तिचे आजोबा, मारोतराव, कोळशाच्या खाणीत काम करून निवृत्त झाले होते. फुप्फुसं निकामी झालेली. दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असत. आई-वडील कामाला जात, म्हणून शाळा सुटल्यावर समिधाच त्यांच्याजवळ बसे.

सरांनी कडीची किल्ली खिशात टाकली आणि डॉक्टरांना गाडी घेऊन बोलावलं. त्या आल्या तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला, "त्या मशीनला वीज किती लागते?"

"चार-पाच पंख्यांएवढी." गाडी चालवता चालवता डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आणि खोलीत दोघंच."

"इतके दिवस ती पोर हे सोसतेय. मॅडम, खोलीत माणसं कमी असली की काय करायचं ते आपण त्यांना शिकवलंय. बटन बंद करायचं."

डॉक्टरांनी हॉर्नवर हात ठेवला, तो उचललाच नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यापासून चपला-बुटांचा ढीग. सर धडपडत आत शिरले.

मशीन चालू होतं.

खाटेभोवती, खाटेखाली, खिडकीत, कपाटाला टेकून सातवीचा अख्खा वर्ग दाटीवाटीने बसला होता. नाकात नळी लावलेले मारोतराव उशीला टेकून त्यांना खाणीतल्या अंधाराबद्दल काहीतरी सांगत होते.

समिधा उठली. "सर, मी बटनापर्यंत हात नेला होता काल. खूप दुखत होतं. मग म्हटलं, सगळ्यांना बोलवावं." तिने मनगट पुढे केलं. "आता काहीच दुखत नाही."

डॉक्टर भिंतीला टेकल्या. "काढा सर. सगळ्यांच्या काढा."

सरांनी एकेक कडी उघडली. हात मोकळा झाला की मूल क्षणभर मनगटाकडे बघे, मग दाराकडे. पहिला मुलगा उठला, त्यामागून दुसरा, मग घोळकाच. समिधा सगळ्यांत आधी अंगणात पोचली होती. कितीतरी दिवसांनी ती एकटी, कुणालाही न चिकटता धावत होती. आरडाओरडा गल्लीच्या टोकाला गेला.

खोलीत मशीनचा घरघराट तेवढा उरला. डॉक्टरांच्या ओंजळीत पट्ट्या होत्या.

"पळू द्या जी त्यांना, लेकरं आहेत," मारोतराव म्हणाले. थोडा श्वास घेऊन त्यांनी खाटेच्या कडेची जागा हाताने झटकली.

"तुम्ही तं बसा. मशीन काय, चालूच आहे."