दोनशे वीसचा डाव

इचलकरंजीतल्या त्या घरात पत्त्यांचा डाव रंगला होता, फक्त पत्ते कागदाचे नव्हते. शाळेने बोलक्या चटईसकट दिलेली ती 'जाणती पानं' होती. त्यांच्यावरचे ठिपके विजेच्या शाईचे. खेळणारं मूल कुठे अडखळतंय हे बोटांतून ओळखायचं आणि गड्डीतलं पुढचं पान गुपचूप सोपं करायचं, हे त्यांचं काम.

दोन पानं उलटायची आणि बेरीज सांगायची, बस्स! एक्क्यापासून दश्शीपर्यंत चाळीस पानं, राजा-राणी-गुलामांना सुट्टी. पण आजच्या डावावर सात वर्षांच्या निनादची तुकडी ठरणार होती. 'संथ' शेरा मिळाला, तर अख्खं वर्ष दहाच्या आतल्या बेरजा करत बसायचं!

"अरे बोल ना पटकन! आठ आणि सहा!" त्याची दहावीतली बहीण दुर्वा कासावीस झाली.

"चौदा," निनाद म्हणाला, पण केवढा वेळ लावून! प्रत्येक जोडीला हेच. उत्तर बरोबर, पण गडी आपला छताकडे बघत ओठ हलवतोय.

शेवटची जोडी उलटली. चटईतून गोड आवाज आला, "उत्तरं बरोबर. वेग कमी. शेरा, संथ."

दुर्वाचा चेहराच पडला. निनाद मात्र भडकला होता. "ताई, ही पानं लबाड आहेत! दोनशे वीस व्हायला हवेत, दोनशे तेराच झाले!"

"कसले दोनशे वीस?"

"सगळ्या पानांचे गं! गेलेली पानं ध्यानात नको ठेवायला? नाहीतर बाबांशी खेळताना हरतो, आणि मग ते मलाच पिसायला लावतात!"

दुर्वाने झडप घालून पानं रंगांप्रमाणे मांडली. इस्पिक ठीक, किलवर ठीक, चौकट ठीक. बदामाची दुर्री मात्र दोनदा, आणि नव्वी गायब! सोपं जावं म्हणून पानांनी नव्वीची दुर्री केली होती, म्हणजे नेमके सात कमी.

"अरे माझ्या राजा!" तिने त्याला उचलून गरकन फिरवलं. मग चटईकडे वळून ओरडली, "अगं शहाणे, तो एका वेळी दोन गणितं करत होता!"

"दुसरं गणित विचारलेलं नव्हतं," चटई म्हणाली.

दुर्वाने चटईवरचं हरकतीचं बटण दाबलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"शेरा थांबवला आहे. वर्गाच्या बाई स्वतः डाव खेळून बघतील," चटई म्हणाली.

"जिंकलो रे!" दुर्वा टाळ्या पिटत नाचायला लागली.

निनाद नाचला नाही. तो पुन्हा छताकडे बघत होता.

"ताई, आमच्या वर्गातल्या फिजाला पण संथ शेरा आलाय. पान उलटलं की ती खिडकीबाहेर बघत बसते."

"मग?"

"ती काय मोजत असेल गं?"