तटावरच्या माणसाचं माप

जेवणं झाली होती. आम्ही सगळी भावंडं गच्चीवर मामाला घेरून बसलो होतो आणि मामा नेहमीसारखा मुद्द्यावर यायला तयार नव्हता. आधी पाणी मागितलं. मग उशी. मग ही उशी नको, ती दुसरी.

"मामा, गोष्ट सांगायची आहे की मुहूर्त काढायचाय?" मी म्हटलं.

"तू जन्मालाच घोड्यावर बसून आलीस," मामा म्हणाला. "आणि ही गोष्ट नाहीये. झालेलं सांगतोय. माझ्या शेजारच्या मास्तरांचं."

मामाचं बटणं, अस्तर, दोरे यांचं दुकान. त्याला लागूनच मास्तरांचं शिवणकामाचं. मध्ये एक पातळ भिंत. इकडे शिंक आली तर तिकडून "सावकाश!" असं ऐकू येई, इतका शेजार. मग मामाने उशी पाठीशी घेतली आणि सांगायला लागला.

मास्तरांचे आईवडील लवकर गेले. तेव्हा धाकटा भाऊ अगदी लहान होता. मास्तरांनी त्याला शिलाई मशीनजवळ झोपवून वाढवलं. म्हणून मग त्याने काय खायचं, केस किती ठेवायचे, कुणात मिसळायचं, सगळं मास्तर ठरवत. धाकटा तेवीस वर्षांचा झाला तरी तेच. त्याला एका मालवाहू जहाजावर नोकरी मिळत होती. फक्त डॉक्टरी तपासणी बाकी होती. पण मास्तरांचं एकच पालुपद : "मी आहे तोवर तू कुठेही जायचं नाही."

धाकटा हसून म्हणे, "दादा, तू शंभर वर्षं जगणार. तोवर मी काय करू, काजं-बटणं?"

"बरोबरच बोलला," मी म्हटलं.

"बरोबर-चूक नंतर. ऐक."

मामाच्या गावापासून काही तासांवर समुद्रकाठी एक जुनी वसाहत आहे. फार पूर्वी समुद्रापलीकडून जहाजं आली, त्यातले पहिले लोक तिथे उतरले. त्यांनी मातीचा तट घातला, आत लाकडी घरं बांधली. आता ते सगळं पुन्हा जसंच्या तसं उभं केलंय. तिकीट काढून लोक बघायला जातात. तटावर त्या काळच्या कपड्यांत माणसं उभी असतात. लाकडाची. हातात बंदुका, नजर बाहेर. त्यांचे कपडे मास्तर शिवायचे.

ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार होता. चंद्र त्या रात्री फार उशिरा उगवणार होता. सकाळी मास्तरांना तिथल्या मॅनेजरचा फोन आला. कोपऱ्यावरच्या पुतळ्याचा कोट खाऱ्या वाऱ्याने फाटून लोंबतोय, उद्या शाळांच्या सहली येणार, तर काहीही करा पण आजच्या आज नवा कोट आणून चढवा.

"पुतळा नवीन बसवून त्यावर जुनाच कोट चढवलाय ना? मग नव्याचं माप?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, लाकडाला कसलं माप! मध्यम शिवा ना ठोकून."

पण मापाशिवाय कात्री लावायची नाही, हा मास्तरांचा बाणा. समोर धाकटा चहा पीत उभा होता.

"इकडे ये. हात वर कर."

"मला कोट? दादा, तब्येत बरी आहे ना तुझी?"

"गप उभा राहा."

आणि मास्तरांनी त्याचं माप घेतलं. खांदा, छाती, बाही, उंची.

चूक इथेच झाली. पुतळ्याचे हात वाकत नाहीत. म्हणून पुतळ्याच्या कोटाची पाठ उघडी ठेवतात आणि आतून नाड्या बांधतात. मास्तरांनी असे कितीतरी कोट शिवले होते. पण त्या दिवशी माप जिवंत माणसाचं होतं, आणि हात जिवंत माणसाचाच कोट शिवत गेले. पाठ सलग शिवली. हात उचलता यावा म्हणून काखेत सैल ठेवलं. वर मामाच्याच दुकानातली पितळी बटणं लावली.

संध्याकाळी दोघे भाऊ व्हॅनने निघाले. पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मॅनेजर घरी गेला होता. वॉचमन तेवढा होता, म्हातारा, गप्पिष्ट. टॉर्च घेऊन तटाच्या जिन्यापर्यंत बरोबर आला.

"दिवसभर इथली माहिती लाउडस्पीकरवर चालू असते," तो म्हणाला. "ऐकून ऐकून तोंडपाठ झालीय. पहिल्याच हिवाळ्यात त्या लोकांत तापाची साथ आली. माणसं पटापट जायला लागली. मेलेले गुपचूप पुरायचे, वरची माती सपाट करायचे. आपण किती कमी उरलोय ते तटाबाहेरच्या मूळ रहिवाशांना कळलं तर संपलंच! मग रात्री आत शेकोट्या पेटवायचे, आणि तापाने फणफणलेल्यांना कोट चढवून, हातात बंदूक देऊन तटावर उभं करायचे. बाहेरून सावल्या दिसल्या पाहिजेत. उजाडेपर्यंत उतरवायचे नाहीत. काही जण उभ्या उभ्याच गेले."

"त्यांना कुणी विचारलं होतं का?" धाकट्याने विचारलं.

"आजाऱ्याला कोण विचारतं? मोठे ठरवायचे."

"ओळखीचं वाटतंय," धाकटा म्हणाला आणि मास्तरांकडे बघून हसला. मास्तर हसले नाहीत.

जिन्यापाशी वॉचमन थांबला. "वर तुम्हीच जा. कोपऱ्यावरची जागा फार वेळ रिकामी ठेवू नका म्हणजे झालं."

"का?"

"इथे ठेवत नाहीत," तो म्हणाला आणि टॉर्च त्यांच्या हातात देऊन परत वळला.

वर वारा होता. खाली समुद्र. दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. दोघांनी पुतळा पायाखालच्या खुंटीवरून उचलून आडवा केला. कोट घालायला घेतला, तर पाठ सलग! मास्तरांनी कपाळावर हात मारला. पाठ उसवायला हवी होती, आणि कात्री व्हॅनमध्ये.

"मी आणतो कात्री," मास्तर म्हणाले. "तू तोवर हा घालून तिथे उभा राहा. घेर कसा पडतो ते मी खालून बघतो."

"दादा, मीपण येतो ना खाली. इथे कसंतरी वाटतंय."

"सांगितलं तेवढं कर."

मामा इथे थांबला. माझ्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

धाकट्याने कोट घातला. रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला. मास्तरांनी खालून टॉर्च मारला. कोट अंगावर ओतल्यासारखा बसला होता.

"ताठ उभा राहा!" ते ओरडले.

धाकटा ताठ झाला.

मास्तर कात्री घेऊन परत वर आले. तटावर ओळीने काळ्या आकृत्या. शेवटी कोपऱ्यावर धाकटा.

"काढ आता."

तो हलला नाही.

"पुरे झालं नाटक. काढ."

काही नाही... नुसता वारा.

मास्तरांनी त्याच्या चेहऱ्यावर टॉर्च धरला. डोळे उघडे होते. बुबुळं वळली, मास्तरांवर येऊन थांबली. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. पण पापणी हलत नव्हती.

मास्तरांनी त्याचा हात धरला. थंड होता, आणि लाकडासारखा घट्ट. कंबरेला मिठी मारून उचलायला गेले. तसूभर हलेना. मग त्यांनी कोटाच्या पाठीला कात्री लावली. एक टाका उसवला. धाकट्याच्या घशातून आवाज आला. दुसरा टाका. पुन्हा तोच आवाज... कातडी सोलत असल्यासारखा.

मास्तरांनी कात्री टाकून दिली.

वॉचमनला हाक मारायला मास्तरांनी तोंड उघडलं.  आणि तेवढ्यात पावलं ऐकू आली. तटाच्या त्या टोकाकडून.

दोन पावलं. थांबणं. कापडाची सळसळ. पुन्हा दोन पावलं.

कुणीतरी एकेका पुतळ्यापाशी थांबत होतं. कोट खाली ओढून सारखा करत होतं. कॉलर बसवत होतं. टॉर्चच्या उजेडात कुणीही नव्हतं. फक्त कोट हलत होते. एकामागून एक.

जवळ येत.

मास्तर भावाला धरून उभे राहिले. पावलं त्यांच्यापाशी थांबली. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला काहीतरी लागलं. गार. जरा चाचपलं... सोडून दिलं. त्यांच्या अंगात कोट नव्हता.

मग धाकट्याची कॉलर आपोआप सरळ झाली. वरचं उघडं बटण काजात शिरलं.

मास्तरांनी भावाला आणखी घट्ट धरलं.  "त्याला सोडा... चूक माझी आहे. माझं माप घ्या. माझं घ्या..."



मग पावलं निघून गेली.

"मग?" आमच्यातल्या कुणीतरी विचारलं.

मामाने मान हलवली. "मग काही नाही. तेच तर. हाताशी भाऊ, पण हात काय कामाचे? रात्रभर मास्तर त्याच्या कंबरेला मिठी मारून उभे होते. त्याला निदान ऊब मिळावी म्हणून. दुसरं काय करणार? अधूनमधून त्याच्याशी बोलत होते. जा म्हणाले. जहाजावर जा, कुठेही जा, मी आडवा येणार नाही. त्याला ऐकू येत होतं की नाही, देव जाणे."

समुद्रावर करडा उजेड आला तेव्हा धाकटा मिठीतच कोसळला. अंग ऊन होतं. श्वास चालू होता. कोट सहज निघाला. मास्तरांनी तो तिथेच टाकला, भावाला पाठीवर घेतलं आणि जिना उतरले. वॉचमन दार उघडूनच उभा होता.

पुढच्याच आठवड्यात मास्तर स्वतः त्याला बंदरावर डॉक्टरी तपासणीला घेऊन गेले. त्या रात्रीबद्दल धाकटा एक अक्षर बोलला नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे तपासले. मग त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि जरा वेळ बघत राहिले.

"किती वर्षं काढलीत समुद्रावर?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने तोवर जहाजात पाय ठेवला नव्हता.

 मामाने हात उचलला आणि स्वतःच्या डाव्या गालावरून, भुवईपासून हनुवटीपर्यंत, सावकाश फिरवला. "कोपऱ्यावर माणूस तिरका उभा असतो. एकच बाजू समुद्राकडे. तेवढीच बाजू... करपून काळी पडलेली. भेगा. खोल सुरकुत्या. ती भुवई पांढरी. म्हाताऱ्या खलाशाची असते तशी."

"आणि दुसरी?"

"दुसरी तेवीस वर्षांची."