बसलेल्या माणसांचा फोटो

सहारा वाळवंटातल्या आमच्या तासिलीच्या खडकांचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात. पण आम्हा तुआरेगांपैकी कुणी काढलेला एकही फोटो मी कुठे लागलेला पाहिला नव्हता. म्हणून तिसऱ्या वर्षी पुन्हा निघालो, जानेत गावाहून दोन दिवसांच्या वाटेवर, ‘बसलेल्या माणसां’कडे. पागोट्याने तोंड झाकून ओळीने बसल्यासारखे अकरा खडक! वर्षातून दोनच संध्याकाळी मावळतीचं ऊन समोरच्या खिंडीतून थेट त्यांच्या तोंडांवर पडतं. आधीची दोन्ही वर्षं धुळीने खाल्ली होती आणि यंदाची पहिली संध्याकाळही.

सोबत होता माझा मामेभाऊ बिस्का, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि त्याचा उंट. आमच्यात आते-मामेभावांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नसतं, टोमणे मारायचे, शिव्या घालायच्या. मान दिला की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

“ओक्सेम, तुझं थोबाड बघून खडकांनीसुद्धा तोंडं झाकलीत!”

“तुझ्या उंटाला विचार, दोघांत देखणा कोण. तुझं नाव काही घ्यायचा नाही.”

हसत हसत तो पखाल घेऊन खडकांमागच्या टाक्यावर पाणी आणायला गेला.

वारा पडला. उंटाने रवंथ थांबवला आणि तो खडकांकडे एकटक बघत राहिला. पहिल्या तोंडावर ऊन आलं, मग दुसऱ्या. डोळ्यांच्या खोबणी काळ्या उमटल्या. ते खडक मलाच न्याहाळताहेत असं वाटायला लागलं.

“दादा.”

आवाज बिस्काचा.

“दादा, जरा इकडे येता का?”

अंगावर सर्रकन काटा आला. बिस्का मला अहो-जाहो करेल? जन्मात नाही! एकांतातले लोक, म्हणजे वाळवंटातली भुतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतात, ओ द्यायची नाही, हे आम्हाला चालायला लागण्याआधी शिकवतात. मी पागोटं नाकावर ओढलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

सात तोंडं उजळली. चार राहिली.

“दादा, या ना...”

“कोण रे तिकडे?” मी ओरडलो. “गाढवाच्या पोटचा बिस्का का?”

उत्तर नाही. मग मात्र मी खरा घाबरलो. शुद्धीवरचा बिस्का एवढी शिवी फुकट जाऊ देणाऱ्यातला नव्हता!

कॅमेरा तसाच सोडला. वेसण धरून धावलो. उंट पाय रोवून उभा राहिला. हाणला! ओढला! टाक्याशी पखाल पडलेली होती. शेजारच्या कपारीत छातीपर्यंत अडकलेला बिस्का, डोकं फुटलेलं, डोळे मिटलेले. बगलेखालून दोर घेतला, खोगिराला बांधला. उंट रेटला. दोर करकरला. दगड सुटला. बिस्का वर आला!

तोंडावर पाणी मारलं, तेव्हा त्याने डोळे उघडले.

“फोटो?”

“बुडाला. तुझ्या पायी.”

“मग आलास कशाला, मूर्खा?”

“तूच बोलावलंस ना! दादा, दादा करत.”

बिस्का हसला नाही. “पडताक्षणी डोकं आपटलं. पुढचं काही ठाऊक नाही.” त्याने कपाळावरचं रक्त पुसलं. “आणि मेलो तरी तुला दादा म्हणेन का रे?”

मी वळून पाहिलं. ऊन गेलं होतं. अकराही तोंडं काळी पडली होती. भीती वाटत होती, तरी त्यांच्याकडे बघून मी छातीला हात लावून आभार मानले.

बिस्काला उंटावर घातलं आणि वाट धरली. पुन्हा हाक आली नाही. पण रस्ताभर मी त्याला क्षणभरही गप्प बसू दिलं नाही. शिव्या घालायला लावल्या आणि त्याची एकेक शिवी मन लावून ऐकली.