दंडपाणींचे विदेशी मासे

"हा मासा असेल, तर मी कावेरीतली मगर," बरणी उन्हात धरून मुल्लै म्हणाली.

तिमाही परीक्षा संपून सुट्टी लागली होती. मुल्लै, तिचा चुलतभाऊ कविन आणि शेजारची फर्जाना, नववीतली ही तिघं पंचायतीच्या विहिरीपाशी उभी होती. गावात डेंग्यू पसरला होता. मुल्लैचा धाकटा भाऊ कुंभकोणमच्या दवाखान्यात होता. डासांच्या अळ्या खाणारे मासे विहिरींत सोडायचं कंत्राट दंडपाणी नावाच्या माणसानं घेतलं होतं. गळ्यात हार घालून घेत त्यानं पिंपं ओतली, पण ताप काही हटेना.

फर्जानानं बरणीत डोकावून पाहिलं. "डोकं गरगरीत, खवल्यांचा पत्ता नाही. बेडकाची पिल्लं आहेत गं ही."

"डबक्यातून उपसून आणली असणार," कविन म्हणाला. "चल, अध्यक्षांना सांगू."

पंचायत अध्यक्ष मुत्तैया ओसरीवर नवरात्रातलं हरभऱ्याचं सुंडल खात बसले होते. शेजारी खुद्द दंडपाणी होता. मुल्लैनं बरणी पुढं करून सगळं सांगितलं.

"पोरी, ही विदेशी जात आहे," दंडपाणी हसला. "गावठी डोळ्यांना ओळखू यायची नाही."

"ऐकलंस ना?" अध्यक्ष म्हणाले. "घरी जा आणि कोलूच्या बाहुल्यांपुढे गाणी म्हण."

मुल्लै बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "एकाला मासा कळत नाही, दुसऱ्याला लाज कळत नाही. आणि गाव चालवायला हेच दोघे."

"मग आता?" कविननं विचारलं.

"आता यांना शिकवायचं. दुसरीच्या पोरांना शिकवतात तसं, दाखवून."

कविनच्या परसात तिघांनी तीन बरण्या मांडल्या. तिन्हींत उघड्या पिंपातल्या डासांच्या अळ्या सारख्याच घातल्या. एकीत दंडपाणीचे 'मासे' सोडले, दुसरीत देवळाच्या तळ्यातले खरे मासे. तिसरीत अळ्याच राहू दिल्या. वर फडकं घट्ट बांधलं. सकाळी पाहतात तर खऱ्या माशांनी अळ्यांचा फडशा पाडलेला. बाकी दोन्ही बरण्यांत अळ्या मजेत वळवळत होत्या.

तिघांनी दंडपाणीचे मासे तसेच सांभाळले, पालक उकडून खाऊ घातला. काही दिवसांत त्यांना मागचे पाय फुटले.

तेवढ्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी काम पाहायला येणार, असं कळलं. पंचायतीपुढे मांडव उभा राहिला. दंडपाणीचं भाषण संपताच मुल्लै साळसूद चेहऱ्यानं पुढं झाली. हातातल्या बरणीला तिनं ओला कपडा गुंडाळला होता, फक्त वरचं तोंड उघडं होतं.

"मामा, तुमचे मासे आम्ही घरी वाढवलेत. तुमचेच ना हे, बघता का?"

दंडपाणीनं वरून नजर टाकली. काळ्या पाठी दिसल्या. तो माईकवरच म्हणाला, "माझेच. अस्सल विदेशी. पाहा, मुलांनाही किती गोडी लागली."

"नक्की ना, मामा?"

"शंभर टक्के."

मुल्लैनं कपडा सोडला आणि बरणी अधिकारीबाईंच्या टेबलावर ठेवली. आतला एक 'मासा' दोन्ही पाय ताणून पोहत होता. मांडवात खसखस पिकली. कविन आणि फर्जानानं उरलेल्या दोन बरण्याही आणून शेजारी मांडल्या.

अधिकारीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दंडपाणी, तुमच्या माशांना पाय आहेत," त्या थंडपणे म्हणाल्या. "तुम्हीही तुमच्या पायांनी जीपमध्ये बसा. चौकशी तिकडेच होईल."

दोन दिवसांत विहिरींत खरे मासे आले. मुल्लैचा भाऊही घरी आला, आल्या आल्या भांडायला लागला.

"आमच्या गावची हुशार पोरं," अध्यक्ष आता भेटेल त्याला सांगत होते. मुल्लैनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

जीवशास्त्राच्या कयल्विळी टीचर मात्र मुद्दाम घरी आल्या. त्या सहसा कुणाची स्तुती करत नसत.

"तिसरी बरणी कशाला ठेवली होतीस?" त्यांनी विचारलं.

"अळ्या आपोआप मेल्या नाहीत, हे कळायला नको का, टीचर?"

टीचर म्हणाल्या, "हे मी अजून शिकवलंच नव्हतं."

त्या दिवशी मुल्लै रात्रीचं जेवण विसरली.