एकाहत्तर टक्क्यांनंतर

काम अगदी साधं होतं. बाबा झोपताना नाकावर मास्क लावून श्वासाचं मशीन वापरायचे. त्याच्या मेमरी कार्डावरची फाईल ताईला बघायची होती. फाईल अकरा जीबीची! बाबांचा एकेक श्वास तिच्यात ओळीने नोंदलेला.

एवढी फाईल एकदम उघडायला गेलं की कॉम्प्युटर मान टाकतो. म्हणून मी ब्राउझरमध्ये चालणारं एक छोटं पान लिहिलं. ते फाईल घासाघासाने वाचतं, ओळी सुट्या करतं, आलेख काढतं आणि वाचलेलं सोडून देतं. घास ओळीच्या मध्येच तुटला, तर उरलेला तुकडा हातात धरून पुढच्या घासाला जोडतं. हे माझं रोजचं काम, आणि खरं सांगू का, मला त्यात भारी सुख मिळतं.

रविवारची दुपार होती. टेबलावर ऊन आलं होतं आणि ताई समोर बसून मटार सोलत होती.

बाबा गेले त्या दिवशी ती औषधं आणायला अर्धा तास खाली उतरली होती. परत आली तेव्हा सगळं संपलेलं. तेव्हापासून वर्षभर एकच गोष्ट तिला खात होती. बाबा एकटे असताना गेले का?

"मी पावणेदहाला निघाले," ती म्हणाली. "तेवढं बघ फक्त."

निळी रेघ वरखाली होत पुढे सरकत होती. त्या दिवसाची तारीख आली आणि ताईचे हात थांबले. नऊ छत्तीसला रेघ आडवी झाली.

"नऊ छत्तीस..." ताई हळूच म्हणाली. "अरे, तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते. मला वाटलं, डोळा लागला त्यांचा..."

ती रडली, मग नाक पुसून हसली. "बंद कर आता ते," म्हणाली आणि बाबांच्या खोलीत जाऊन त्यांच्याच पलंगावर आडवी झाली. मलाही इतकं हलकं वाटलं की मी शीळ घालत चहा टाकला.

कप घेऊन परत आलो तेव्हा लक्षात आलं, फाईल एकाहत्तर टक्केच वाचून झाली होती. मशीन तर आम्ही त्याच आठवड्यात परत केलेलं. कार्ड तेवढं कपाटात पडून होतं. पुढच्या ओळी रिकाम्या असणार, असं म्हणत मी वाचन पुढे चालू केलं.

रेघ हलायला लागली.

तारखा नंतरच्या होत्या. रोज दुपारी दोन ते चार, मिनिटाला बारा श्वास. आमच्या धंद्यात पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो, म्हणून मी माझा कोड तीनदा तपासला. त्यात काही चुकलं नव्हतं. दोन ते चार ही ताईची त्या खोलीत झोपायची वेळ.

मग आजची तारीख आली. तीन पन्नास. भिंतीवरच्या घड्याळातही तीन पन्नास झाले होते. शंभर टक्के वाचून झालं होतं. फाईल संपली की ब्राउझर तसं कळवतो. त्याने कळवलं नाही. ओळी येतच राहिल्या, सावकाश, एकामागून एक...

आतला पलंग करकरला. ताई जांभई देत बाहेर आली.

"किती दिवसांनी अशी झोप लागली रे," म्हणत ती समोर बसली आणि तिने मटाराचं ताट पुढे ओढलं.

पडद्यावर मिनिटाच्या श्वासांचा आकडा चढत होता. अठरा... बावीस... सव्वीस. पलंगापासून टेबलापर्यंत चालत आले की बाबांना एवढीच धाप लागायची.

"काय बघतोयस एवढं?"

"काही नाही... काही नाही गं."

घाबरलो होतो, कबूल करतो. पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. मी उठलो आणि ताईच्या शेजारची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली.

मिनिटाभरात आकडा बारावर आला.