बडीशेपेची वाटी

चंद्रतळाच्या दवाखान्यात डॉ. हेमांगी सातपुतेंनी ती स्टीलची वाटी टेबलावर आपटली. "सगुणाताई, बडीशेपेत ह्या गोळ्या कुणी घातल्या?"

"मीच," तळावर स्वयंपाक करणाऱ्या सगुणाताई म्हणाल्या. "तुम्ही मला पित्तासाठी दिल्यात, आठवड्यात गुण आला. इथं वजन हलकं, खाल्लेलं वर येतं, सगळ्यांचीच छाती जळते. भांडारात डबे भरून पडलेत. म्हटलं, जेवल्यावर घेतील एकेक. काय बिघडलं?"

काय बिघडलं म्हणे! तळावरचा इंद्रजित सकाळीच इथल्या खाटेवर दगावला होता आणि नऊ जण तापानं फणफणले होते. हेमांगींनी पाकिटावर लिहून दिलं होतं: जेवणाआधी अर्धा तास, चौदा दिवस, दुसऱ्याला देऊ नये. पण वाचतंय कोण? आणि दोन महिने त्यांनी स्वतः तरी भांडारात डोकावून कुठे पाहिलं होतं? ती टोचणी त्यांना बसू देईना.

जंतुशास्त्रज्ञ निंबाळकर खुर्ची ओढून बसले. "तळाचं सांडपाणी आपले जलशोधक जंतू पिण्याजोगं करतात. थोडे जंतू पाण्यात राहतातच. ते पोटात गेले की जठरातलं आम्ल त्यांना मारतं. आम्ल हेच कुलूप, आणि ही आम्लरोधक गोळी ते कुलूप काढते."

"मग गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद! चार-पाच दिवसांत आम्ल परत येईल." हेमांगींना जरा हायसं वाटलं. त्यांचा नवरा अवधूत जलशुद्धी केंद्रावर होता. त्याला त्यांनी गळ्याची शपथ घातली होती, विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही म्हणून. बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. तो तरी वाचला!

निंबाळकर मात्र वाटीकडेच बघत होते. "बाई, ही गोळी जेवणानंतर घेतली की अर्धवट लागू पडते. आम्ल धड जात नाही, धड राहत नाही. त्यात लेचेपेचे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. ते शौचातून सांडपाण्यात, तिथून टाकीत, टाकीतून पुन्हा प्रत्येकाच्या पेल्यात. दोन महिने हाच फेरा."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण त्यांना तालीम दिली. काल टाकीतले जंतू मी कडक आम्लात सोडले. चार तासांनीही जिवंत होते."

सगुणाताईंनी पदर तोंडाला लावला. "अगंबाई! करायला गेले एक..."

"पाणी उकळून घेऊ," हेमांगी घाईनं म्हणाल्या.

"घेऊच. पण जे पोटात उतरलेत त्यांचं काय? साधी प्रतिजैविकं त्यांना लागू पडत नाहीत. पोटातलं आम्ल आहेच म्हणून हे जंतू प्रयोगशाळेत घडवताना त्यांच्यावर दुसरं औषध कुणी शोधलंच नाही."

तेवढ्यात दार सरकलं. अवधूत पोट धरून उभा होता, चेहरा लालबुंद. "हेमा, सकाळपासून पोटात पिळवटतंय गं. अंगही तापलंय."

त्याची नजर वाटीवर गेली आणि तो कसंनुसं हसला. "तसली एकही गोळी खाल्ली नाही मी, तुझी शपथ. मग मला कसली भीती, नाही का?"

"माहीत आहे रे," हेमांगी म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

इंद्रजितच्या खाटेवरची चादर अजून तशीच होती. ती त्यांनी ओढून काढली, धुतलेली घातली आणि नवऱ्याला तिथे झोपवलं.